भिंतींना कायदा आहे, माणसांना काय?

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट काउंटीत मिल्टन ॲबस नावाचं गाव आहे. उतरत्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवताने शाकारलेली पांढरी घरं, दोन घरांच्या मध्ये हिरवळ, मागे झाडीचा उतार. ब्रिटनमधलं जुनं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते असल्याच गावांवरून आलेलं. हे गाव १७८०च्या सुमारास जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, या जमीनदाराने वसवलं. त्याच्या वाड्याशेजारी मिडलटन नावाचं जुनं बाजाराचं गाव होतं, शाळा होती, पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. वाड्यासमोरचं दृश्य मोकळं हवं म्हणून त्याने ते गाव पाडलं आणि रहिवाशांपैकी काहींसाठी टेकडीआड ही एकसारखी घरं बांधली. बाहेरून इतक्या टुमदार दिसणाऱ्या एकेका घरात दोन-दोन कुटुंबं राहत.

या गावापासून सुरुवात करायचं कारण असं की ब्रिटनमधल्या जुन्या घरांविषयी बोलताना देखणेपण आणि विस्थापन या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, आणि तरी त्या रोज वेगळ्या काढल्या जातात. लहानपणच्या आठवणींना इथे तोटा नाही. पॅरिशची मासिकं, गावोगावच्या इतिहास मंडळांच्या पुस्तिका, स्थानिक रेडिओ, संग्रहालयांनी करून ठेवलेली ध्वनिमुद्रणं, सगळीकडे ऐंशीच्या घरातली माणसं आपल्या जुन्या घराविषयी सांगत असतात. त्या आठवणी वाचल्या जातात मात्र अर्ध्याच. भट्टीतल्या पावाचा वास लक्षात ठेवला जातो आणि त्याच बोलण्यात पुढे आलेली भिंतींची ओल, थकलेलं भाडं, जमीनदाराचा कारभारी, घर खाली करायची चिठ्ठी गाळली जाते. मग या अर्ध्या आठवणीतून एक धोरण उभं राहतं: गाव पूर्वी जसं दिसायचं तसंच दिसत राहिलं पाहिजे. माझं म्हणणं असं की या आठवणी पूर्ण ऐकल्या तर ती घरांच्या प्रश्नावरची साक्ष ठरते. जुन्या घराला जितकं ठाम संरक्षण आहे, तितकंच ठाम संरक्षण त्या गावात बारमाही राहू पाहणाऱ्या माणसाला मिळायला हवं, असं ती साक्ष सांगते.

घराचं संरक्षण किती ठाम आहे ते आधी पाहू. जुन्या इमारती नव्यासारख्या करून त्यांचा नाश करू नका, असं म्हणत कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने १८७७ साली संस्था काढली. १८९५ साली समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिल आणि तिच्या सहकाऱ्यांनी वारसा जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ससेक्समधलं ॲल्फ्रिस्टनचं धर्मगुरूंचं मोडकळीला आलेलं घर १० पौंडांना विकत घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७च्या नगररचना कायद्याने वारसा-इमारतींच्या यादीला पक्का पाया दिला. आज एकट्या इंग्लंडमध्ये या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. यादीतल्या घराची खिडकी बदलायची, आतली जुनी भिंत पाडायची, छपराचं गवत काढून कौलं घालायची तर परवानगी लागते. परवानगीशिवाय केलं तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. मला हे सगळं मनापासून पटतं. दगडामातीच्या जुन्या भिंती चुन्याच्या गिलाव्यातून श्वास घेतात. त्यांच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत हळूहळू कुजते. हे सांगणारा अधिकारी गावातल्या घरापर्यंत पोचतो ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच्या नोंदवहीत एक रकाना नाही. या घरात कोण राहतं, वर्षातले किती महिने राहतं आणि या गावात वाढलेल्या कुणाला इथे राहणं परवडेल का, हे तो विचारत नाही. कायद्याने त्याला ते विचारायला सांगितलेलंच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वेल्सच्या सीमेला लागून असलेल्या खेड्यांमधून फिरते. पडझडीनंतर घरी परतलेल्या वयस्कर माणसांना पुन्हा चालतं करणं हे माझं काम. पाऊल टाकायची भीती घालवायची तर माणसाला बोलतं ठेवावं लागतं, आणि या वयातली माणसं बोलायला लागली की लहानपणच्या घरात जातात. अशाच एका आजींचं सांगणं इथे देते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

त्यांचे वडील एका शेतावर गोठा सांभाळायचे. घर शेतमालकाचं. खाली दोन खोल्या, वर दोन. चुलीशेजारी फळ्यांचं एक अरुंद दार, ते उघडलं की थेट जिना. फरशी दगडी, आणि त्याखाली नुसती माती, त्यामुळे पावसाळी हवेत फरशीला घाम फुटायचा. सोमवार धुण्याचा. पहाटे उठून आई विटांच्या चुलाण्यात बसवलेल्या हंड्याखाली जाळ करायची आणि विहिरीवरून बादल्या आणून तो भरायची. शनिवारी रात्री पत्र्याचं टब चुलीपुढे यायचं. आधी धाकटी भावंडं, मग थोरली, सगळ्यांत शेवटी वडील, सगळे त्याच पाण्यात. संडास परसाच्या टोकाला, आणि रात्री तिकडे जाताना कंदील धरायचं काम या आजींकडे. वरच्या खोलीत सफरचंदं पसरून ठेवलेली असायची, एकमेकांना न चिकटवता, म्हणजे एक नासलं तर दुसरं वाचतं. त्या वासात झोपायचो, असं सांगताना आजी थांबल्या. मग दाराच्या पायरीचं सांगितलं. दगडाची पायरी, पिढ्यांच्या पावलांनी मधोमध झिजून खोलगट झालेली. पाऊस पडून गेला की त्या खळग्यात पाणी साचायचं आणि चिमण्या येऊन प्यायच्या.

वडिलांना बैलाने भिंतीशी दाबलं आणि त्यांची पाठ कायमची गेली. मालक वाईट माणूस नव्हता, आजी हे दोनदा म्हणाल्या. पण गोठ्यासाठी नवा माणूस आणायचा तर त्याला घर द्यायला हवं होतं. नोकरीबरोबर मिळालेलं घर नोकरीबरोबर गेलं. सगळं सामान एका गाडीत मावलं. कुटुंब वर्षभर मावशीकडे एका खोलीत राहिलं आणि त्यानंतर गावाच्या कडेला कौन्सिलने, म्हणजे स्थानिक सरकारने, भाड्याने द्यायला बांधलेल्या नव्या घरांपैकी एक त्यांना मिळालं. पहिल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात नळ सोडायची, बंद करायची, पुन्हा सोडायची. मुलं हसायला लागली तेव्हा ती त्यांच्यावर ओरडली आणि मग रडली.

ते जुनं घर आज वारसा-यादीत आहे. खोलगट पायरी जागेवर आहे, ती बदलायची तर परवानगी लागेल. घर सुट्टीसाठी आठवड्याच्या भाड्याने दिलं जातं आणि हिवाळ्यात बहुतेक रात्री तिथे दिवा नसतो. कौन्सिलचं घर, भाडेकरूला राहतं घर विकत घेऊ देणाऱ्या १९८०च्या कायद्यानंतर, विकलं गेलं. आजींची नात त्याच गावच्या शाळेत मदतनीस आहे आणि गावात परवडेल असं घर नसल्यामुळे रोज २५ किलोमीटर गाडी चालवून येते.

या आठवणीतला कोणता भाग खरा मानायचा? सफरचंदांचा वास की गाडीवर चढलेलं सामान? खेड्याविषयी हा प्रश्न विचारायला मराठी माणसाला परक्या विद्वानांकडे जावं लागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर आहे असं सुनावलं, तेव्हा त्यांचा रोख खेड्याचं गोड चित्र रंगवणाऱ्यांवर होता. गावकुसाच्या आतल्या घरातलं लहानपण आणि बाहेरच्या घरातलं लहानपण एक नसतं. ब्रिटनमधला वर्गभेद आणि आपल्याकडची जात या एका मापाने मोजायच्या गोष्टी नाहीत, याची मला जाणीव आहे. पण आठवण कोणत्या घरातून आली आहे हे आधी विचारायचं, ही बाबासाहेबांनी लावलेली सवय इथेही उपयोगी पडते. इंग्लंडच्या खेड्यांतली आई, जिच्याकडे मोलकरीण होती, आणि ती मोलकरीण, या दोघींच्या मुलांनी एकाच सोमवारच्या दोन वेगळ्या आठवणी सांगितल्या आहेत. छापून येताना पहिलीच्या मुलांच्या जास्त आल्या. बिघाड तिथून सुरू होतो.

डॉर्सेटमध्येच, समुद्राजवळ, टाइनम नावाचं गाव आहे. १९४३च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, लष्कराच्या सरावासाठी ते रिकामं करवलं गेलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं निघाली. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावलेली होती: चर्च आणि घरं जपून वापरा, माणसं स्वतंत्र राहावीत म्हणून युद्ध जिंकायला मदत व्हावी यासाठी आम्ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडतो आहोत, एक दिवस आम्ही परत येऊ. ते परत आले नाहीत. युद्ध संपलं, आणि १९४८ साली सरकारने जमीन सक्तीने संपादित केली. आज ठरावीक दिवशी लोक तिथे फिरायला जातात. चर्च आणि शाळा नीट राखली आहे, घरांची छपरं गेली आहेत, शाळेतल्या भिंतीवर मुलांची कामं टांगलेली आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते यायलाच हवं.

पण टाइनमची गोष्ट चिठ्ठीपाशी संपवली की तिचा अर्धा अर्थ हरवतो. गावातली बहुतेक माणसं भाडेकरू होती; जमीन आणि घरं एका जमीनदार कुटुंबाची. त्यामुळे भरपाईची वेळ आली तेव्हा भाडेकरूंच्या हाती परसातल्या भाजीपाल्याच्या किमतीपलीकडे फारसं काही पडलं नाही. ज्या घराला ‘आमचं’ म्हणून दारावर लिहून ठेवलं ते कायद्याच्या नजरेत त्यांचं कधी नव्हतंच. पुढे त्यांच्यापैकी काहींना वेअरहॅमजवळ सँडफर्डला कौन्सिलची घरं मिळाली. तिथे वीज होती, घरात पाणी होतं, आणि काहींना ती घरं आवडली. हे सांगितल्याने चिठ्ठीची किंमत कमी होत नाही. गाव हिरावलं गेल्याचं दुःख आणि घरात नळ आल्याचा आनंद एकाच बाईच्या मनात एकाच वेळी राहू शकतो. तिच्या आठवणीतून धोरण काढायचं असेल तर दोन्ही घ्यायला हवेत.

जुन्या घरांत राहणं किती कठीण होतं याविषयी इथे कुणी शंका काढू नये. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर अरनोल गावात ४२ क्रमांकाचं घर जपून ठेवलं आहे. जाडजूड दगडी भिंती, गवताचं छप्पर, मधोमध पेटलेला पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा, विस्तव, धुराडं नाही, आणि त्याच छपराखाली गुरं. १९६६ पर्यंत त्यात कुटुंब राहत होतं. खेड्यांतल्या पाणी आणि सांडपाण्याच्या सोयींसाठी सरकारी पैसा देणारा कायदा १९४४ साली आला. वीज अनेक शेतांवर त्यानंतर कित्येक वर्षांनी पोचली. कुणाच्या नजरेला बरं वाटावं म्हणून कुणी धुरात आणि ओलीत राहावं असं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. कौन्सिलची घरं दिसायला साधी, गावाच्या चित्रात न बसणारी; पण ब्रिटनच्या खेड्यांनी विसाव्या शतकात आपल्या गरीब मुलांना दिलेली ती सगळ्यांत चांगली भेट होती. वारसा म्हणून जपायचं तर त्यांनाही जपायला हवं होतं. उलट १९८० साली राहत्या भाडेकरूला मोठ्या सवलतीत घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. ज्यांनी घेतली त्यांना मी दोष देत नाही; पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या घरात राहिलेल्या माणसाला स्वतःचं दार हवं असणारच. चूक सरकारची, कारण विकलेल्या घरांच्या जागी तेवढी नवी बांधली नाहीत. मोठ्या शहरात काही शे घरं गेली तरी काही शे उरतात. खेड्यात बाराच होती, ती गेली की संपलं. स्कॉटलंडने हा हक्क २०१६ साली आणि वेल्सने २०१९ साली बंद केला. इंग्लंडमध्ये तो अजून आहे.

शेतमजुरांच्या नोकरीतल्या घरांना इंग्लंड-वेल्समध्ये कायद्याचं संरक्षण १९७६ साली मिळालं. आजींच्या वडिलांसाठी ते पंचवीसेक वर्षं उशिरा आलं. पण ते आलं कसं, हे पाहण्यासारखं आहे. शेतमजुरांच्या संघटनेने वर्षानुवर्षं घराबाहेर काढलेल्या कुटुंबांच्या कहाण्या लोकांपुढे मांडल्या होत्या. म्हणजे आठवणींनी, पूर्ण सांगितलेल्या आठवणींनी, कायदा बदलल्याचं उदाहरण याच देशात आहे.

नवीन घर दिलं की गाव सोडायला लावलं तरी चालतं, असा अर्थ मात्र यातून कुणी काढू नये. काढला गेला आहे, आणि त्याचा परिणाम डरहॅम काउंटीने भोगला. १९५१च्या विकास आराखड्यात तिथल्या ११४ खेड्यांवर ‘ड’ वर्गाचा शिक्का बसला. कोळशाच्या खाणी बंद होत होत्या. तेव्हा या गावांत नवा पैसा घालायचा नाही, नवं बांधकाम होऊ द्यायचं नाही, घरं पडतील तशी पडू द्यायची आणि माणसं दुसरीकडे हलवायची, असं ठरलं. हे ठरवणारे लोक निर्दय नव्हते. आपल्याच खाणकामगारांना बरी घरं देतो आहोत असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. पण गावांनी ऐकलं नाही. ओळीने बांधलेल्या, परसात संडास असलेल्या, सौंदर्याच्या कोणत्याही यादीत न बसणाऱ्या घरांसाठी लोक सभा घेत राहिले, आणि १९७७ साली ते धोरण सोडून द्यावं लागलं. त्यांना घर नीट करून हवं होतं, आणि तेही शेजार, क्लब, चॅपल, थडगी यांच्यासह. मिल्टन ॲबसला दृश्य वाचवण्यासाठी माणसं हलवली, डरहॅमला माणसं सुधारण्यासाठी गावं मारायला काढली. दोन्हीकडे राहणाऱ्याला विचारायचं राहून गेलं.

वेल्समध्ये तर गावकऱ्यांनी सांगूनही ऐकलं नाही. लिव्हरपूलला पाणी हवं होतं म्हणून ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव धरणाखाली घालायचं १९५७च्या कायद्याने ठरलं. गावकरी मुलांना घेऊन लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा काढून आले होते. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं नाही, तरी ते मंजूर झालं. १९६५ साली शाळा, चॅपल, पोस्ट, शेतं पाण्याखाली गेली. लिव्हरपूलने २००५ साली माफी मागितली. रस्त्याकडेच्या एका पडक्या भिंतीवर ‘ट्रवेरिन लक्षात ठेवा’ असं वेल्शमध्ये कुणीतरी रंगवलं आणि ती भिंत पुढे साऱ्या वेल्सची झाली.

आज गाव बुडवायला धरण लागत नाही. वेल्सच्याच ल्लीन द्वीपकल्पावरचं ॲबरसॉख हे समुद्रकाठचं गाव घ्या. घरं उभी आहेत, रंगवलेली आहेत, किमती भरमसाट आहेत. गावची शाळा २०२१च्या अखेरीस बंद झाली, कारण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं उरली होती. घर पाडलं तर ओरड होते, शाळा बंद पडते तेव्हा बातमी येते, पण या दोहोंच्या मधली गोष्ट कुणाला दिसत नाही: एक घर विकलं गेलं, मग दुसरं, आणि दरवेळी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आपण काही वाईट करतो आहोत असं वाटलं नाही.

सुट्टीपुरतं घर घेणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. ते म्हणतात, १९५० आणि ६०च्या दशकांत ही घरं ओस पडत होती. गावची मुलं कारखान्यांत, शहरांत गेली होती, पडक्या घरांना गिऱ्हाईक नव्हतं. आम्ही ती घेतली, छपरं शाकारली, भिंतींना चुना लावला, गवंड्यांना काम दिलं. हे खरं आहे. आज जी घरं पाहून आपण हरखतो त्यांतली कित्येक अशाच कुणाच्या शनिवार-रविवारच्या कष्टांनी उभी राहिली आहेत. पण तेव्हा घराला माणूस मिळत नव्हता, आता माणसाला घर मिळत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या उपकारावर आजची टंचाई कायम ठेवता येत नाही. मुलं आपखुशीने गेली, हेही अर्धसत्य आहे. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा म्हणणाऱ्या १९६३च्या बीचिंग अहवालानंतर खेड्यांतल्या रेल्वे तुटल्या, शेतीत यंत्रं आली, शाळा एकत्र केल्या. अशा गावातून बाहेर पडणाऱ्या मुलाने ‘निवड’ केली म्हणणं फार उदार झालं. आणि समजा स्वखुशीने गेली, तरी परत यायचं दार त्यांच्या मुलांसाठी बंद का असावं?

एका गोष्टीची मला भीती वाटते. ‘गावची घरं गावच्या लोकांना’ ही घोषणा फार लवकर रक्ताच्या हिशोबावर येते. १९७९ पासून पुढची बारा-तेरा वर्षं वेल्समध्ये सुट्टीची घरं जाळली जात होती. शेकडो घरांना आगी लागल्या. राग समजू शकतो, आग नाही. आणि मी स्वतः इथे जन्मलेली नाही. ज्या खेड्यांमधून मी फिरते तिथला डॉक्टर केरळचा आहे, वृद्धाश्रमातल्या परिचारिका फिलिपिन्सच्या आणि झिंबाब्वेच्या, औषधांच्या दुकानात एक मुलगी नगर जिल्ह्यातली. आम्ही हिवाळ्यातही तिथेच असतो. बर्फ पडल्यावर शेजाऱ्याच्या दारापर्यंत मीठ टाकतो, शाळेच्या पटावर आमची मुलं असतात, बस बंद करू नका म्हणून आम्हीही सह्या करतो. हक्काचं माप जन्माचं ठेवलं तर आम्ही बाहेर, आणि शंभर वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेल्या जमीनदाराचा, वर्षातून पंधरा दिवस येणारा नातू आत. हे माप चुकीचं आहे. राहणं हे माप धरायला हवं: वर्षभर, शेजाऱ्यांसकट, शाळा आणि दवाखान्यासकट राहणं.

या मापाने कायदा करता येतो हे वेल्सने दाखवलं. २०२२च्या ऑक्टोबरपासून तिथल्या नगररचनेच्या नियमांत घराचे तीन वेगळे प्रकार मानले जातात: कायमच्या राहण्याचं, सुट्टीपुरतं आणि थोड्या दिवसांच्या भाड्याचं. वायव्य वेल्समधल्या ग्विनेद कौन्सिलने १ सप्टेंबर २०२४ पासून एक पाऊल पुढे टाकलं आणि राहतं घर सुट्टीचं करायचं तर आधी परवानगी घ्या, असा नियम लागू केला. त्यावर मोठा वाद झाला आणि प्रकरण न्यायालयातही गेलं. विरोध करणाऱ्यांत काही तिथलेच लोक होते, कारण नियमामुळे आपल्या घराची किंमत उतरेल अशी त्यांना भीती होती. ती भीती खोटी नाही. आईवडिलांचं घर हीच ज्यांची सगळी शिल्लक आहे त्यांना हा नियम महाग पडू शकतो, आणि त्यांच्यासाठी सरकारने काय करायचं हे नियमाबरोबरच ठरवायला हवं. तरीही नियमामागचं तत्त्व मला योग्य वाटतं. खिडकीची चौकट बदलायला परवानगी लागते, तर गावातून एक राहतं कुटुंब कायमचं वजा करायला का लागू नये?

कर हा दुसरा मार्ग. वेल्समध्ये २०२३च्या एप्रिलपासून दुसऱ्या घरावर नेहमीच्या कौन्सिल टॅक्सवर, म्हणजे स्थानिक घरपट्टीवर, ३०० टक्क्यांपर्यंत जादा आकारता येतो. इंग्लंडमध्ये २०२५च्या एप्रिलपासून १०० टक्क्यांपर्यंत. चांगलं आहे, पण ज्याला लाखो पौंडांचं दुसरं घर परवडतं त्याला करही परवडतो. तो पैसा त्याच गावात भाड्याची घरं बांधायला लागला तरच त्याचा उपयोग. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजने २०१६ साली सार्वमत घेऊन नवी बांधलेली घरं फक्त कायम राहणाऱ्यांसाठी ठेवायचं ठरवलं. त्यामुळे खरेदीदार नव्या घरांवरून जुन्यांकडे वळतात, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. जुन्या घरांना हात न लावता नुसत्या नव्या घरांवर अट घातली तर वारशाची घरं सुट्टीकरांची आणि गावाबाहेरची वसाहत गावकऱ्यांची, अशी फाळणी होते. मिल्टन ॲबसचीच ती आधुनिक आवृत्ती.

म्हणून मला स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या एग बेटाचं उदाहरण अधिक मोलाचं वाटतं. एकामागून एक मालकांच्या लहरींवर जगून कंटाळलेल्या तिथल्या रहिवाशांनी १९९७ साली कौन्सिल आणि एका वन्यजीव संस्थेच्या साथीने, लोकवर्गणी काढून, अख्खं बेट विकत घेतलं. तेव्हा साठ-पासष्ट माणसं उरली होती. आता शंभराहून जास्त आहेत. भाडेकरूंना लांब मुदतीचे करार मिळाले, जुनी घरं दुरुस्त झाली, २००८ साली पाणी, वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतःची वीज आली. आपलं घर आपल्याला सोडावं लागणार नाही याची खात्री झाल्यावर माणसं भिंती जपायला लागतात, हे तिथे दिसतं. जुन्या घराचा खरा राखणदार त्यात राहणारा माणूस असतो.

आणि आठवणींचं काय करायचं? कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात मर्थर टिडव्हिलहून उचलून आणलेली सहा घरांची एक ओळ आहे, रीड-अ-कार नावाची. लोखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांची घरं. पहिलं घर १८०५ सालासारखं मांडलं आहे, पुढचं १८५५, मग १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचं १९८५. एकेका दारातून आत जात शेवटच्या घरात पोचलं की टीव्ही समोर येतो, आणि तीच भिंत, तेवढीच खोली पाहून कळतं की हे घर कधीच ‘जुनं’ नव्हतं, त्यात दर पिढीला कुणीतरी आजचं म्हणून राहत होतं. वारसा-यादीतल्या प्रत्येक घराची नोंद अशी व्हावी असं मला वाटतं. तुळई कोणत्या शतकातली हे लिहितात, तसं १९३०मध्ये इथे किती माणसं झोपत होती, भाडं कुणाला जात होतं, शेवटचं कुटुंब केव्हा आणि का गेलं, हेही त्या नोंदीत यावं. सांगणारी माणसं अजून आहेत, पण फार वर्षं नसतील. त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून कपाटात ठेवण्याऐवजी ते नगररचना समितीच्या टेबलावर पुरावा म्हणून आलं पाहिजे. घर सुट्टीसाठी वळवायचा अर्ज येईल तेव्हा त्या समितीला दोन गोष्टी समोर ठेवून निर्णय द्यावा लागेल: या घरात कोण राहून गेलं, आणि गावाच्या शाळेत काम करणाऱ्या कुणाला ते आज हवं आहे का.

यासाठी लागणारी हत्यारं नवी शोधायला नकोत. स्कॉटलंडच्या २००३च्या मालमत्ता-कायद्यात खेड्यांतल्या घरांसाठी एक तरतूद आहे: ग्रामीण गृहसंस्थेने अशा अटीवर घर किंवा जागा विकली की पुढे ती जेव्हा जेव्हा विकायला निघेल, तेव्हा ती परत घेण्याचा पहिला हक्क त्या संस्थेचा. घर बाजारात जातं, पण गावाच्या हातून निसटत नाही. हीच तरतूद इंग्लंड आणि वेल्समधल्या वारसा-यादीतल्या खेड्यांतल्या घरांना लावावी, आणि विकत घ्यायला लागणारा पैसा दुसऱ्या घरांवरच्या जादा करातून यावा, अशी माझी मागणी आहे. पायरीची झीज जपायला सरकारकडे अधिकारी आहेत. या कामासाठीही नेमता येतील.